स्क्विडची मोजदाद कशी करतात? (प्रश्न सोलापूरचा आहे, हसायचं नाही)

कडक_भाकरी

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. भाची रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पदव्युत्तरला आहे, तिला प्रोजेक्टला विषय मिळालाय स्क्विडच्या (ऑक्टोपसचा समुद्री भाऊबंद) साठ्याचा. म्हणजे समुद्रात स्क्विड किती आहेत, त्यातले किती काढले तर पुढच्या वर्षी पण मिळतील, असं काहीतरी. घरात आता दोन पार्ट्या पडल्यात. तिचे वडील म्हणजे आमचे दाजी म्हणतात हे कसलं शिक्षण, मासे किती आहेत ते मासेमाराला विचारा, पाच मिनिटांत सांगेल, त्याला दोन वर्षं कशाला. बहीण म्हणते पोरीला करू द्या. मला मधे ओढलंय कारण घरात इंटरनेटवर पडीक मीच असतो.

आपण पडलो सोलापूरचे, आपला मासा म्हणजे उजनीची चिलापी, मरळ, वाम, फार तर आंध्रातून येणारा रोहू-कटला. स्क्विड म्हणाल तर हॉटेलात तळलेल्या रिंगा तेवढ्या खाल्ल्यात. त्यामुळे खरंच विचारतोय, समुद्राच्या पोटात असलेली गोष्ट मोजतात कशी? आणि मोजून उपयोग काय, मासेमार ऐकतो का? जाणकारांनी लिहा. दाजींना वाचून दाखवणार आहे, भाषा जरा जपून.

सातरस्ता_सोलापूर

काय मालक, सोलापुरात समुद्र आणलालाव का काय? आमच्याकडं नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते अजून कुणाला मोजता आलं नाही अन तुम्ही स्क्विड मोजायला निघालात.

पण धागा चालू ठेवा, मी वाचलालोय.

बंदरावरचा

मूळ गाव रत्नागिरीजवळ, नोकरीमुळे सध्या होटगी रोडला मुक्काम. घरची बोट होती, आता चुलतभाऊ बघतो. त्यामुळे दाजींच्या बाजूने आधी बोलतो, मग उलट बोलतो.

आमच्याकडे त्याला माकुल म्हणतात. ट्रॉलर जाळं तळाशी ओढत नेतो तेव्हा कोळंबी, राणी मासा, बळा, ढोमा या सगळ्यात माकुल पण येतो. मुद्दाम माकुलासाठी म्हणून आपल्याकडे फारसं कुणी जात नाही, जातात तेव्हा सगळ्यासाठीच जातात. बंदरावर आलं की माल निवडतात. मोठा माकुल आणि कट्टलफिश (माकुलाचाच भाऊबंद) वेगळा काढून बर्फात, तो कंपनीचा माणूस उचलतो, साफ होऊन गोठवून परदेशी जातो. मधला लोकल मार्केटला. आणि बोटाएवढा जो असतो तो, बाकीच्या चिल्लर मासळीबरोबर कुटीत. कुटी म्हणजे जे फिशमीलच्या कारखान्यात जातं ते, कोंबडीचं आणि माशांचं खाद्य. किलोला मिळतो चिल्लर भाव पण डिझेलचा खर्च थोडा निघतो म्हणून कुणी परत पाण्यात टाकत नाही, आणि टाकला तरी तोवर तो मेलेलाच असतो.

आता दाजींचा मुद्दा. मासेमाराला कळतं हे खरं आहे. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पाण्याचा रंग बघून सांगतो इथे टाका, तिथे नको. पण त्याला त्याच्या जाळ्यातलं कळतं, समुद्रातलं नाही. आमचे आजोबा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आता बोट आठ-दहा दिवस बाहेर असते, बर्फ भरून नेतात, जीपीएस आहे, फिशफाइंडर आहे, इंजिन तिप्पट ताकदीचं आहे, आणि तरी माणसं म्हणतात "माल येतोय की पहिल्यासारखा". अहो पहिल्यासारखा येतोय कारण तुम्ही पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढताय. हे गणित बोटीवर बसून नाही दिसत, त्यासाठी सगळ्या बोटींची वही एका ठिकाणी लागते.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी संख्याशास्त्र शिकवतो, मासे खात नाही, तरी या विषयावर थोडं वाचलंय कारण सॅम्पलिंगचं उदाहरण म्हणून वर्गात फार कामाला येतं.

आपल्याकडे ही सगळ्यांची वही ठेवणारी संस्था म्हणजे सीएमएफआरआय, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, मुख्यालय कोचीला, स्थापना १९४७. प्रत्येक बंदरावर प्रत्येक बोट मोजणं शक्य नाही. म्हणून ते किनाऱ्याचे पट्टे पाडतात, त्यातली काही बंदरं निवडतात, महिन्यातले काही दिवस निवडतात, त्या दिवशी आलेल्या बोटींतल्या काही निवडतात, आणि तिथे त्यांचा माणूस उभा राहून लिहून घेतो की किती तास जाळं ओढलं, कुठल्या जातीचा किती माल आला. मग त्यावरून आख्ख्या किनाऱ्याचा अंदाज. हे काम कित्येक दशकं चालू आहे, आणि उष्ण कटिबंधातल्या देशात शेकडो जाती एकत्र येत असताना असं सलग रेकॉर्ड असणं ही मोठी गोष्ट आहे, आपण उगाच आपल्या संस्थांना नावं ठेवतो.

पण मंडळी, बंदरावर आलेला माल म्हणजे समुद्रातला साठा नव्हे. माल वाढला म्हणजे स्क्विड वाढले असं नाही, बोटी वाढल्या असतील. म्हणून किती माल आला याला किती तास ओढलं याने भागायचं. तासामागे किती किलो, हा आकडा खरा बोलका. बंदरावरच्या साहेबांनी आजोबांचं सांगितलं ते हेच.

तिसरा_डोळा

माफ करा पण थोडं पाणी ओततो. २०१६ ला करंट बायॉलॉजी नावाच्या जर्नलमध्ये एक पेपर आला होता, १९५३ पासूनचा जगभरचा डेटा घेऊन, त्यात निष्कर्ष असा की स्क्विड, ऑक्टोपस, कट्टलफिश हा सगळा गोतावळा गेली साठ वर्षं वाढतोय. इतर मासे कमी झाले, स्क्विडला खाणारे मोठे मासे आपण संपवले, पाणी तापलं, हे लवकर वाढणारे प्राणी, यांचं फावलं. मग वाढणाऱ्या प्राण्याला वाचवायची काय गरज? ज्याचं कमी होतंय त्याचा अभ्यास करा ना. गरीब मासेमाराच्या मागे नियम लावायला प्रोजेक्ट पाहिजे असतात फक्त.

आणि खरा दरोडा कुठे पडतोय ते बघा. अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेर, २०० सागरी मैलांच्या रेषेला लागून, शेकडो परदेशी बोटी रात्रभर दिवे लावून स्क्विड काढतात, त्यात चीनच्या सगळ्यात जास्त. त्यांचा उजेड उपग्रहातून शहरासारखा दिसतो. तिकडे कुणी बोलत नाही आणि रत्नागिरीचा तांडेल दिसतो सगळ्यांना.

स्टॅटोलिथ

मामा, मला न विचारता धागा काढलास!! बाबांना दाखवायच्या आधी मला तरी दाखवायचास. असो, आता आलेच आहे तर लिहिते.

तिसरा डोळा काका, तो पेपर बरोबर आहे, आम्हाला पण वाचायला दिला होता. पण त्यात ३५ जाती किंवा गट एकत्र बघितलेत आणि दिशा वरची आहे म्हणून म्हटलंय, प्रत्येक जात प्रत्येक समुद्रात प्रत्येक वर्षी वाढतेय असं नाही म्हटलेलं. जपानचं बघा, तिथला रोजच्या खाण्यातला जो स्क्विड, त्याला १९९८ पासून दरवर्षी ठरलेला कोटा आहे, म्हणजे ते लोक काही मोजत नव्हते असं नाही, तरी गेल्या दहा-बारा वर्षांत तिथला माल इतका घसरला की किमती वाढून लोकांच्या ताटातून गेला. कॅलिफोर्नियात एल निनोच्या वर्षी, १९९७-९८ ला, स्क्विड जवळपास गायबच झाले होते आणि नंतर परत आले. तर हा प्राणी असाच आहे, चढला तर धडाधड चढतो आणि पडला तर एका वर्षात पडतो.

याचं कारण त्याचं आयुष्य. आपल्या किनाऱ्यावर मुख्य जी जात मिळते, युरोट्यूथिस डुव्हॉसेली, जुन्या पुस्तकांत लोलिगो डुव्हॉसेली, ती साधारण वर्षभर जगते. वाढते, अंडी घालते, मरते. पापलेट, सुरमईसारखं नाही की यंदा खराब गेलं तर मागच्या दोन-तीन वर्षांचे मासे शिल्लक आहेत. इथे मागच्या वर्षीचं कुणी शिल्लकच नसतं. म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखं समजा, बियाण्याचं पोतं बाजूला काढून ठेवलं नाही तर पुढच्या पेरणीला कोठारात काय असणार? म्हणून साठा किती आहे यापेक्षा अंडी घालायला किती सुटले हा प्रश्न महत्त्वाचा.

आणि मागच्या वर्षीच्या आकड्यावरून यंदाचा कोटा ठरवता येत नाही, हीच तर खरी अडचण आहे.

कडक_भाकरी

अरे वा बाईसाहेब आल्या. बरं झालं, आता मी बाजूला बसतो. पण एक सांग, वर्षभर जगतो हे कुणी बघितलं? माशाच्या खवल्यावर वय कळतं म्हणतात, याला तर खवलेच नाहीत.

स्टॅटोलिथ

मामा, माझं नाव वाच ना वरती.

स्क्विडच्या डोक्यात, मेंदूच्या खालच्या बाजूला, तोल सांभाळायचं इंद्रिय असतं आणि त्यात दोन छोटे पांढरे खडे असतात, चुन्याचे. त्याला म्हणतात स्टॅटोलिथ. आपल्या जातीत तो तांदळाच्या कणीपेक्षा पण लहान असतो. डोकं खालून कापायचं, टोकदार चिमट्याने तो उचलायचा, शिंक आली की गेला. मग काचेच्या पट्टीवर रेझिनमध्ये बसवायचा आणि एकदम बारीक पॉलिश पेपरवर घासायचा, थोडं घासायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, परत घासायचं, जास्त घासलं तर मधला भाग उडतो आणि सगळं वाया. नीट जमला तर आत वर्तुळं दिसतात, एकाबाहेर एक. झाडाला वर्षाचं वलय असतं, याला दिवसाचं असतं. रोज एक. वलयं मोजली की वय दिवसांत कळतं, आणि ज्या तारखेला पकडला त्यातून तेवढे दिवस मागे गेलं की जन्मतारीख!

म्हणजे मिरकरवाड्याला, रत्नागिरीच्या बंदरावर, एका टोपलीत एकाच लांबीचे दोन स्क्विड असतील तर त्यातला एक पावसाळ्याआधी जन्मलेला आणि एक पावसाळ्यानंतर, असं पण निघू शकतं. जन्मतारखेवर कुंडली असते तसं काही नाही पण कुठल्या महिन्यात जन्मलेली पिल्लं जास्त जगली ते कळतं, आणि त्या महिन्यांत पाण्याचं तापमान काय होतं ते जोडून बघता येतं.

पूर्वी लांबीवरून वय काढायचे, म्हणजे हजारो नग मोजून कुठल्या लांबीचे जास्त आहेत त्याचा आलेख करून. माशाला ते चालतं. स्क्विडला नीट चालत नाही, कारण आपल्याकडे तो वर्षभर अंडी घालतो, काही महिन्यांत जास्त, पण थांबत नाही, त्यामुळे सगळ्या वयाचे एकत्र मिसळलेले असतात. स्टॅटोलिथ बघायला लागल्यावर जगभरात बऱ्याच जातींची वयं आधीच्या समजापेक्षा कमी निघाली.

सातरस्ता_सोलापूर

लई भारी. दाजी, पोरगी नाव काढणार तुमचं.

आकडेमोड

आता मूळ प्रश्न, मोजायचं कसं, तेही चालू हंगामात. याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अर्जेंटिनाजवळच्या फॉकलंड बेटांचं. तिथे १९८७ च्या फेब्रुवारीपासून स्वतःच्या मासेमारी हद्दीत परवाना पद्धत आली आणि स्क्विडसाठी हंगाम चालू असतानाच साठा मोजायची पद्धत बसवली. युक्ती अशी. हंगाम सुरू झाला तेव्हा बोटीला तासाला १०० किलो मिळत होते. सगळ्या बोटींनी मिळून ५०० टन काढल्यावर तासाला ५० मिळायला लागले. म्हणजे निम्मे संपले, म्हणजे सुरुवातीला साधारण १००० टन असले पाहिजेत. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, खऱ्या हिशोबात आपोआप मरणारे, बाहेरून नव्याने येणारे हे सगळं धरावं लागतं आणि तिथेच खरी मारामारी असते. पण मुळातली कल्पना एवढीच.

मग नियम असा की मासेमारी झालीच नसती तर हंगामाच्या शेवटी जेवढे उरले असते त्याच्या निदान ४० टक्के अंडी घालायला सुटले पाहिजेत. शिवाय एक तळाची रेषा, त्याच्या खाली साठा जाता कामा नये. तिथे दोन मुख्य जाती आहेत, मोठा आणि भटका इलेक्स, त्याला ४० हजार टन, आणि लहान लोलिगो जातीचा, त्याला १० हजार टन. अंदाज त्या रेषेकडे यायला लागला की हंगाम तारखेच्या आधी बंद. परवान्याचे पैसे भरलेले असले तरी. बोटींना रोजच्या रोज माल कळवावा लागतो आणि बोटीवर निरीक्षक असतात.

तिसऱ्या डोळ्याला इथेच उत्तर मिळेल. फॉकलंडने आपल्या हद्दीत कितीही शिस्त पाळली तरी इलेक्स अर्जेंटिनाच्या पाण्यातून, मग खुल्या समुद्रातून, मग यांच्याकडे असा फिरतो. २०० मैलांबाहेर कुणाचंच राज्य नाही. तिकडे कुणी बोलत नाही असं तुम्ही म्हणता पण रात्रीच्या उजेडाच्या उपग्रहचित्रांवरून बोटी मोजायचं काम त्याच भागापासून गाजलं. ज्या बोटी स्वतःचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करतात त्या पण दिव्यामुळे सापडतात, कारण दिवा बंद केला तर स्क्विडच येत नाही.

तिसरा_डोळा

हे पटलं, दिव्याचं. पण फॉकलंडला लोकसंख्या चार हजाराच्या आत, बोटी मोजक्या, त्या पण बहुतेक परदेशी कंपन्यांच्या किंवा भागीदारीतल्या. तिथे बंद करा म्हटलं की बंद होतं. आपल्याकडे एका बंदरावर शेकडो बोटी, प्रत्येकीवर खलाशी, प्रत्येकाच्या मागे घर. "४० टक्के सुटले पाहिजेत" हे कुणाला सांगणार, आणि माकुल बंद केला तर जाळं काय माकुलाला वगळून मासे पकडणार?

बंदरावरचा

तिसरा डोळा बरोबर बोलतोय इथे, आणि ही गोष्ट बाहेरच्या अभ्यासकांना पटकन कळत नाही. ट्रॉलच्या जाळ्याला माकुल आणि ढोमा वेगळा कळत नाही. म्हणून आपल्याकडे एका जातीचा कोटा बसवणं कठीण, नियम करायचा तर सगळ्या जाळ्याला करावा लागतो. ते आहेत पण. १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी आहे. जाळ्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे माल साठतो, तिथला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती मोठा हवा ते ठरलेलं आहे, चौकोनी आस ओढल्यावर मिटत नाही म्हणून बारीक मासळी सुटते. एलईडी लावून मासेमारी करणं केंद्र सरकारने २०१७ ला बंद केलं, राज्याने १९८१ च्या मासेमारी कायद्यात २०२१ ला सुधारणा करून दंड लाखांत नेले.

कागदावर सगळं आहे. रात्री समुद्राकडे बघितलं की क्षितिजावर कोजागिरी असते ते सोडा. एलईडीचा त्रास माकुलाला सगळ्यात जास्त होतो कारण तो उजेडाकडेच येतो, शेकडो वॅटच्या दिव्याखाली आसपासचा सगळा गोळा होतो आणि पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारं जाळं, फिरवलं की लहान-मोठा एका घासात साफ. ज्याच्याकडे भांडवल आहे तो असा नेतो आणि लहान बोटवाला दुसऱ्या दिवशी मोकळं जाळं ओढत बसतो. त्यामुळे मासेमाराच्या मागे नियम नको म्हणणाऱ्यांनी आधी कुठल्या मासेमाराच्या ते सांगावं. पारंपरिक मच्छीमारच वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत की नियम लावा म्हणून.

भिगवणकर

मी उजनीचा मासा घेतो-विकतो, स्क्विडशी संबंध नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. हे सगळं आमच्याकडं जसंच्या तसं चालू आहे. वडाप, म्हणजे बारीक आसाचं जाळं, लावून बोटाएवढी पिल्लं ओढून काढतात, सुकवून विकतात. एक किलो पिल्लं म्हणजे त्यातून वर्षभरात किती मोठा माल झाला असता याचा हिशोब कुणी करत नाही. मोठ्या आसाचं जाळं टाकणारा मच्छीमार शिव्या घालतो, तक्रार करतो, चार दिवस कारवाई होते की परत सुरू. धरणात पाणी मायनसमधी गेलं की उरलेल्या डबक्यात सगळा मासा गोळा, तेव्हा तर लुटालूटच.

फरक एकच की धरणात मत्स्यबीज आणून सोडता येतं. समुद्रात कोण सोडणार?

स्टॅटोलिथ

भिगवणकर काका, तुमचा मुद्दा माझ्या गाइड सरांना सांगणार आहे, खरंच. आणि स्क्विडचं बीज तयार करून सोडायचं म्हटलं तरी फार अवघड, पिल्लू जन्मल्यापासून जिवंत भक्ष्य मागतं आणि एकमेकांना पण खातात.

अंड्यांवरून आठवलं. स्क्विड अंडी पाण्यात सोडून देत नाही, पांढऱ्या मऊ बोटांसारख्या शेंगा करून तळाला, दगडाला, कशालाही चिकटवतो, घोळकाच घोळका. वरून ट्रॉल ओढला की अंड्यांसकट जातं. कर्नाटकच्या किनाऱ्यावर याचा उलटा प्रकार झाला, कट्टलफिशला अंडी चिकटवायला आडोसा लागतो हे ओळखून काही मासेमारांनी नारळाच्या पोय आणि फांद्या बांधून पाण्यात सोडल्या. कट्टलफिश अंडी घालायला तिथे आली की गळाने काढायची. मोठ्या मोठ्या माद्या मिळायच्या, भाव चांगला. पण ज्या नेमक्या अंडी घालायला आल्यात त्याच काढल्या तर काय होणार! ट्रॉलरवाल्यांशी भांडणं झाली ती वेगळीच, जाळी अडकायची म्हणून. सीएमएफआरआयने त्याचा अभ्यास केला आणि धोका दाखवून दिला. मला हे उदाहरण आवडतं कारण प्राण्याची सवय मासेमारांना शास्त्रज्ञांइतकीच नीट माहीत होती, फक्त ती वापरली उलट्या बाजूने.

कॅलिफोर्नियात याच्यावर एक साधा उपाय आहे. हंगामाचा वरचा कोटा तर आहेच, १ लाख १८ हजार शॉर्ट टन (अमेरिकी टन, आपल्या टनापेक्षा थोडा लहान). शिवाय शुक्रवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत स्क्विडची बोट जाळं टाकत नाही. आठवड्यातले दोन दिवस अंडी घालणाऱ्या थव्याला कुणी हात लावायचा नाही. याला मॉडेल नको, कॉम्प्युटर नको, घड्याळ पुरतं. म्हणून मला वाटतं आपल्याकडे फॉकलंडची नक्कल करण्यापेक्षा असलं काहीतरी जास्त चालेल, कुठल्या महिन्यात कुठल्या खोलीवर अंडी जास्त असतात ते नीट शोधायचं आणि तेवढा पट्टा तेवढे आठवडे सोडायचा. माझ्या प्रोजेक्टचा तोच भाग आहे, मादीचं पोट उघडून पक्वता बघायची, महिन्यागणिक. पक्व मादीच्या आत दोन मोठ्या पांढऱ्या लांबट ग्रंथी दिसतात, अंड्यांचं आवरण त्यातून तयार होतं, त्या भरलेल्या असल्या की समजायचं वेळ आली.

कडक_भाकरी

दाजींनी आत्तापर्यंतचं सगळं वाचलं (मी वाचून दाखवायला लागलो तर मोबाईलच काढून घेतला). त्यांचा प्रश्न जसाच्या तसा टाकतो: "बोटाएवढा माल कुटीत जातो म्हणता, मग घेणाऱ्याने घेऊच नये असा कायदा करा की. विकलंच नाही गेलं तर कोण आणेल? त्याला अभ्यास कशाला?"

बंदरावरचा

दाजींनी नेमकं धरलं. तो कायदा आहे. केरळने आधी केला, मग २०२३ ला महाराष्ट्राने ५४ जातींची किमान लांबी जाहीर केली, त्याच्या खालचा पकडायचा नाही, विकायचा नाही. पण प्रत्येक टोपलीत हात घालून पट्टी लावणार कोण हा प्रश्न आहेच.

स्टॅटोलिथ

बाबा, ती लांबी किती ठेवायची हे अभ्यासाशिवाय ठरतच नाही. केरळात या स्क्विडला ८ सेंमी ठेवली आहे, कट्टलफिशच्या मोठ्या जातीला साडेअकरा. ती हवेतून नाही आली, कुठल्या लांबीला मादी अंडी घालायच्या वयात येते ते शेकडो माद्या उघडून बघितल्यावर आली. आणि एकदा ठरली की कायमची असंही नाही, कारण पाणी गरम असेल तर स्क्विड भराभर वाढतो, लवकर पक्व होतो आणि लहानच राहतो. मग आज ठरवलेली पट्टी पंधरा वर्षांनी बरोबर असेलच असं नाही, परत मोजावं लागणार. म्हणून दोन वर्षं, बाबा. आणि दोन वर्षं पण कमीच आहेत.

तिसरा_डोळा

बरं, भाचीबाईंनी निरुत्तर केलं अर्धं. उरलेलं अर्धं असं की हे सगळं निघाल्यावर निष्कर्ष बोटवाल्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवायचं बघा. नाहीतर प्रबंध लायब्ररीत आणि माकुल कुटीत.

आकडेमोड

+१. आणि एक सुचवणी, निर्यात करणाऱ्यांकडे ग्रेडप्रमाणे खरेदीच्या नोंदी असतात, किलोत किती नग बसतात त्यावर भाव ठरतो. हंगामागणिक किलोतले नग वाढत गेले म्हणजे स्क्विड लहान होत चाललेत. कुणी दाखवायला तयार असेल तर फुकटचा खजिना आहे. गाइडना विचारून बघा.

स्टॅटोलिथ

विचारते सर, हे डोक्यात आलं नव्हतं. थँक्यू.

सातरस्ता_सोलापूर

मला एकच सांगा. सोलापुरात कधीमधी बर्फातला स्क्विड येतो, मार्केटमधी मिळतो. तो घ्यायचा का नाही? आम्ही इथं बसून काय करू शकतो? अन ते मोजायचं कुठून कुठवर, हातपाय पसरून मोजलं तर सगळेच पास होतील की बे.

स्टॅटोलिथ

हाहा काका, हातपाय धरायचे नाहीत. डोकं सोडून जी नळी असते, जिच्या रिंगा कापतात, तीच मोजायची, पाठीच्या बाजूने. टोकापासून डोक्याकडच्या काठापर्यंत. आत पाठीला पारदर्शक पीस असतं, प्लॅस्टिकसारखं, साधारण तेवढीच लांबी त्याची, त्यामुळे साफ करताना ते काढलंत तर पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि तारीख टाका. इथेच धाग्यावर टाकलंत तरी चालेल, किनाऱ्यापासून इतक्या आत कुठल्या मापाचा माल पोचतो ते मला हवंच आहे. ८ च्या खालचा दिसला तर घेऊ नका आणि दुकानदाराला सांगून या का नको ते.

सातरस्ता_सोलापूर

टाकतो फोटो. पट्टी पोराच्या कंपासमधली चालेल का?

स्टॅटोलिथ

१५ सेंमीची असते ती, शून्य नीट दिसत असेल तर चालेल. मोठ्याला पुरणार नाही, त्याला टेलरची टेप घ्या.

भिगवणकर

पोरी, उजनीच्या चिलापीला पण असं काही माप ठरवून दे. इथं फोटो टाकणारे भरपूर मिळतील.